पळसाला पान एकच

'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण येताजाता वापरतो. वनस्पतिशास्त्राला मात्र ती मान्य नाही. पळसाच्या एका लांब देठावर त्याच्या हिशेबाने पान एकच असतं. आपण ज्यांना तीन पानं म्हणतो, त्या त्या एका पानाच्या तीन पर्णिका. बेलाचं तेच. देवाला वाहतो ते त्रिदल म्हणजे एकच पान, आणि इथे आपला जुना शब्दही बरोबर आहे: दलं तीन, पान एक.

हे ठरवायचं कसं? आकारावरून नाही. पळसाची एक पर्णिका तळहाताएवढी मोठी होते, आणि तुळशीचं अख्खं पान तिच्यापुढे चिमुकलं दिसतं. पानाची खरी ओळख पटते ती त्याच्या काखेत. पानाचा देठ फांदीला जिथे चिकटतो, तिथे वरच्या बाजूला एक कोन तयार होतो. त्याला कक्षा म्हणतात. या कक्षेत एक बारीक कळी असते, तिचं नाव कक्षस्थ कलिका. पुढे तिच्यातून नवी फांदी फुटते किंवा फुलं येतात. कधीकधी तिचा काटाही होतो. बेलाचा टोकदार काटा असाच पानाच्या काखेतून आलेला असतो. पर्णिकेच्या काखेत मात्र अशी कळी नसते. सगळा फरक एवढाच, पण फार पक्का.

घरी करून बघायचं असेल तर कढीपत्ता घ्या. कुंडीतल्या रोपावर, पर्णिकांची ती हिरवी काडी खोडाला जिथे जोडली आहे तिथे डोळे बारीक करून बघा, साधं भिंग असेल तर उत्तमच. जोडाच्या वर टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा उंचवटा दिसेल. आता काडीवरून वर सरका आणि एकेका पर्णिकेच्या बुडाशी थांबा. तिथे काहीच नाही. काडीच्या टोकालाही वाढता कोंब नाही, फक्त शेवटची एक पर्णिका. म्हणजे फोडणीत टाकायला आपण ओरबाडतो ती पंधरावीस 'पानं' मिळून कढीपत्त्याचं एक पान झालं. पक्ष्याच्या पिसासारखी रचना असल्यामुळे याला पिच्छाकृती संयुक्त पान म्हणतात. काटेसावरीच्या पर्णिका देठाच्या टोकाला एकाच बिंदूतून पंजासारख्या पसरतात, ते हस्ताकृती. शेवग्याची गंमत आणखी वेगळी: त्याच्या पानाची काडी पुन्हा पुन्हा विभागत जाते, त्यामुळे हातभर लांबीचा तो झुपका एकच पान आहे हे पहिल्यांदा कुणालाच पटत नाही. मलाही पटायला वेळ लागला होता.

गळण्यावरून अंदाज बांधू नये. शेवग्याच्या पर्णिका आधी सुट्या सुट्या पिवळ्या होऊन गळतात, काडी मागून पडते.

या कसोटीचा खरा कस लागतो तो आवळ्यापाशी. आवळ्याची डहाळी चिंचेच्या पानाशेजारी धरली तर दोन्ही एकाच मुशीतून काढल्यासारखी दिसतात: मधे काडी, दोन्ही बाजूंना बारीक पात्यांच्या ओळी. चिंचेचं ते पान आहे. आवळ्याची मात्र ती फांदी आहे, आणि तिच्यावरचं प्रत्येक पातं हे स्वतंत्र, साधं पान. झाडही आपल्याला फसवायला मदत करतं, कारण पानगळीत या नाजूक फांद्या पानांसकट गळून पडतात, जणू त्या पानंच आहेत. पण फुलं खरं सांगतात. आवळ्याची हिरवट-पिवळी फुलं याच फांद्यांवर येतात. चिंचेच्या पर्णिकेच्या बुडाशी फूल कधीच येत नाही.

आवळ्याचं झाड हाताशी नसेल तर भुईआवळी चालेल. पावसाळ्यात ती कुंपणाकडेला, कुंडीत, फरशीच्या फटीतसुद्धा आपोआप उगवते. आवळ्याच्याच कुळातली, फायलँथस या प्रजातीतली. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ 'पानावरचं फूल' असा होतो. तिची एक फांदी अलगद उलटी करून बघा. वरून साधी हिरवी पिसासारखी दिसणारी ती फांदी खालून वेगळीच असते: मोहरीपेक्षा जरा मोठी गोल फळं एका ओळीत लोंबत असतात, एकेका पानाच्या काखेतून एकेक.