फणिवर, फळीवर आणि नाथांचा मंगळवार

सप्ताहाचा पाचवा दिवस. सकाळचं पारायण उरकून मांडवात चहा फिरत होता. आत्याशेजारी बसलेल्या एका पोराने तिच्यापुढे मोबाइल धरला. पडद्यावर केशरी सूर्य, जोडलेले हात, एक ओवी आणि खाली मजकूर : कोपर्निकसच्या तीनशे वर्षं आधी माउलींनी सांगून ठेवलंय की पृथ्वी सूर्याभोवती फिरते, अकरा जणांना पाठवा. आत्याने चष्मा सावरून सगळं वाचलं आणि म्हणाली, "ओवी खरीच हाय. पण अध्याय कंचा, ते कामून नाई लिहिलं?"

पैठण तालुक्यातलं आमचं गाव. आत्याने इतकी पारायणं केलीत की कुठल्या पानाला हळदीचा डाग आहे तेही तिला ठाऊक. ज्ञानेश्वरीची पोथी तिथेच होती, मग अध्याय शोधणं आलंच. चौथा अध्याय, ९९वी ओवी.

उदोअस्ताचेनि प्रमाणें । जैसें न चलतां सूर्याचें चालणें ।
तैसें नैष्कर्म्यत्व जाणे । कर्मींचि असतां ॥

सूर्य उगवतो आणि मावळतो म्हणून तो चालतो असं वाटतं, पण तो चालत नाही. तसा ज्ञानी माणूस कर्मात असूनही आपण काही करत नाही हे जाणतो. गीतेच्या ‘कर्मण्यकर्म यः पश्येत्’ या श्लोकावरचं हे विवरण आहे. ‘जैसें’ने सुरू झालेलं वाक्य आपलं वजन ‘तैसें’वर टाकतं. सांगायचं आहे ते नैष्कर्म्य, सूर्य त्याच्या मदतीला आलाय. आणि उपमेचा एक साधा कायदा असतो. ती ऐकणाऱ्याला आधीच पटलेल्या गोष्टीची देतात. ‘मुंग्यांसारखी रांग’ म्हणणारा मुंग्यांचा शोध लावत नसतो.

मग मी दोन ओव्या मागे गेलो. ‘अथवा नावे हन जो रिगे । तो थडियेचे रुख जातां देखे वेगें’. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं पळताना दिसतात आणि नीट पाहिलं की तोच म्हणतो, झाडं तर जागच्या जागी आहेत. हे वाचून मी सरळ बसलो, कारण ही नाव मी आधी पाहिली होती. इसवी सन ४९९मध्ये आर्यभटाने ‘आर्यभटीया’त नेमका हाच दाखला दिला आहे : नावेतून पुढे जाणाऱ्याला स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे फिरते ती पृथ्वी, स्वतःभोवती. पुढे ६२८ साली ब्रह्मगुप्ताने त्याला आडवा प्रश्न टाकला : पृथ्वी फिरत असेल, तर उंच वस्तू कोसळत कशा नाहीत? वाद रंगला होता आणि तो आपल्याकडेच रंगला होता.

आता मोबाइलवरचा मजकूर पुन्हा वाचू. ओवीत उदयास्त आहे, म्हणजे बोलणं दिवसरात्रीचं आहे. कोपर्निकसने १५४३ साली छापून मांडलं ते पृथ्वीचं सूर्याभोवती वर्षभराचं फिरणं. गोष्टी दोन, मजकुरात त्यांची एक झाली. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची, तेव्हा तीनशे वर्षंही भरत नाहीत, २५३ होतात. आणि ‘आपल्याकडे पहिल्यांदा कोणी’ हाच मुद्दा असेल, तर मान आर्यभटाकडे जातो. बढाई मारण्याच्या घाईत फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आपल्याच घरातला मोठा माणूस बाहेर काढला! दुसऱ्या टोकाचे लोकही मला भेटतात. ते म्हणतात, असल्या ओळींना काही अर्थ नसतो. त्यांनाही पोथी उघडावी लागेल. ‘न चलतां’ हे शब्द स्वच्छ आहेत. तेराव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यात, मराठी ऐकणाऱ्या माणसांपुढे, सूर्याचं चालणं हा नुसता भास असल्याचा दाखला कुणी सहज देऊन जातो, हे शोधाच्या दाव्यापेक्षा मला जास्त मोठं वाटतं.

पण ओवी ‘खरीच हाय’ हे आत्याने कशावरून ठरवलं? पोथीत आहे म्हणून. आणि पोथीत आलं कुठून?

गणपतीची आरती आठवा. ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ म्हणजे ज्याने कमरेला नाग बांधलाय तो. लहानपणी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं बिनदिक्कत ‘फळीवर वंदना’ म्हणायची. देव फळीवर बसलेला, त्याला वंदन, सगळं जागच्या जागी! आता समजा, तीनशे वर्षांनी कुणाच्या हाती दोन वह्या लागल्या, एकीत ‘फणिवरबंधना’ आणि दुसरीत ‘फळीवर वंदना’. मूळचं कुठलं? अवघड शब्दाचा सोपा शब्द होतो, कारण म्हणणारा न कळलेल्या जागी ओळखीचं काहीतरी बसवतो. सोप्या ‘फळी’चा अवघड ‘फणिवर’ कुणी चुकून करणार नाही. म्हणून कठीण पाठ बहुधा जुना. पाठचिकित्सेतला, म्हणजे नकला ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या विद्येतला, हा मोठा नियम आपण आरतीच्या टाळांमध्ये शिकून बसलोय.

नकलणाऱ्याचा हात आणखी कितीतरी वाटांनी चुकतो. जुन्या पोथीत शब्द सलग लिहिलेले असतात, मध्ये जागा सुटलेली नसते. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर उडी मारतो आणि मधली ओळ गळते. कुणी समासात अर्थ लिहून ठेवला, तर पुढचा लेखक तो मजकुरात ओवून टाकतो. पण गंमत पुढे आहे. चुका नकलेबरोबर खालच्या पिढीत उतरतात. दोन पोथ्यांत नेमकी तीच विचित्र चूक सापडली, तर त्या बहुधा एकाच आजीच्या नाती. जीवशास्त्रज्ञ डीएनएतले बदल पाहून प्राण्यांची वंशावळ मांडतात, तीच ही रीत. १९९८मध्ये ‘नेचर’मध्ये चॉसर या इंग्रजी कवीच्या एका काव्यभागाच्या ५८ हस्तलिखितांची अशी वंशावळ आली होती. ती जीवशास्त्राच्याच संगणकी पद्धतीने काढलेली होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढताना देशभरातल्या पोथ्या ताडून पाहिल्या. त्यात व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट मूळ संहितेत टिकली नाही, परिशिष्टात गेली.

आणि हे काम पैठणात कधीच होऊन गेलंय. संत एकनाथांच्या हाती ज्ञानेश्वरी आली तोवर तिला जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती. ग्रंथ मुळात अतिशुद्ध, ‘परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध’, असं नाथ लिहितात. दोष कुठे शिरला हे त्यांनी नेमकं ओळखलं : माउलींच्या लिहिण्यात नव्हे, पुढच्या म्हणण्या-उतरवण्यात. प्रती शोधून त्यांनी पाठ शुद्ध केला आणि वर बजावलं की यात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. माझी एक तक्रार मात्र आहे. किती प्रती पाहिल्या, कुठला पाठ का सोडला, हे त्या ओव्यांत नाही. निकाल मिळाला, कारणं मिळाली नाहीत. आजचा संपादक प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद देतो. महानुभावांच्या लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, हे दुसऱ्या तऱ्हेने केलेलं दिसतं. एकच आठवण दोघांनी वेगळी सांगितली, तर ‘वासना’ म्हणून दुसरी हकीकतही शेजारी नोंदवलेली असते. दोन साक्षी जुळत नसल्या तर त्या ओढूनताणून जुळवायच्या नाहीत, दोन्ही ठेवायच्या.

नाथांनी काम कधी संपवलं ते मात्र चोख सांगितलंय : ‘शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनामसंवत्सरीं’, म्हणजे शके १५०६, भाद्रपदातली कपिलाषष्ठी, प्रतिष्ठान म्हणजे पैठण, गोदातट. इथे मला राहवेना. वही घेतली.

आधी संवत्सर. शकात १२ मिळवायचे, ६०ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८. बाकी १८. प्रभव, विभव, शुक्ल असे मोजत गेलं की अठरावा तारणच येतो.

मग कपिलाषष्ठी. ‘कपिलाषष्ठीचा योग’ असं आपण दुर्मीळ गोष्टीला म्हणतो, त्याला कारण आहे. भाद्रपद वद्य षष्ठी, त्या दिवशी मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि पंचांगातला व्यतिपात योग, हे सगळं एकत्र यावं लागतं, शिवाय सूर्य हस्त नक्षत्रात असावा. म्हणजे ओवीत वार लिहिलेला नसला तरी ‘कपिलाषष्ठी’ शब्दात तो दडलाय. ६ जानेवारी २००० रोजी अमावास्या होती. चांद्रमास सरासरी २९.५३०५८९ दिवसांचा. तिथून ५१३७ महिने मागे गेलो तर सरासरी अमावास्या येते ५ सप्टेंबर १५८४च्या पहाटे. (तारखा आजच्या कॅलेंडरच्या. नाथांच्या पैठणात सप्टेंबर कुणाला माहीत असणार!) या महिन्यात सूर्य कन्या राशीत शिरतो, तेव्हा महिना भाद्रपद. वद्य षष्ठी २५ सप्टेंबरला. त्या दिवशी सूर्य १६४ अंशांवर, हस्तात. चंद्र त्याच्या साधारण २४७ अंश पुढे, म्हणजे रोहिणीत. पंचांगातला योग सूर्य-चंद्राच्या अंशांच्या बेरजेवरून ठरतो. दोघांची बेरीज सतराव्या योगात पडते आणि सतरावा योग व्यतिपात.

वार शेवटी काढला. मंगळवार.

खरा चंद्र सरासरीपेक्षा अर्ध्या दिवसाने मागेपुढे असू शकतो, तेव्हा तिथी-नक्षत्राचं हे गणित ढोबळच. आणि ते जुळलं म्हणून ओव्या नाथांच्याच हातच्या ठरत नाहीत. पुढच्या काळातला हुशार जोशीही उलटं गणित मांडून तारीख बसवू शकेल. पण हा दावा खोटा पडण्याची एक वाट उघडी होती. वार शुक्रवार निघाला असता, तर ओव्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. मोबाइलवरच्या मजकुराने अशी वाटच ठेवली नव्हती. ना अध्याय, ना ओवी, ना लिहिणाऱ्याचं नाव.

कागदाबाहेरचा साक्षीदार मिळाला तर आणखी बरं. ज्ञानेश्वरीच्या शेवटी यादव राजा श्रीरामचंद्राचं नाव येतं. त्याच रामचंद्राचा शके १२३२चा, म्हणजे १३१०चा ताम्रपट बीड जिल्ह्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला सापडला. तांब्यावर एकदा खोदलेलं अक्षर कुणी नकलताना बदलत नाही. त्याला ज्ञानेश्वरीशी देणंघेणं नाही, ज्ञानेश्वरीला त्याच्याशी नाही, आणि दोघं एकाच राजाचं नाव घेतात.

संध्याकाळी हरिपाठानंतर वही घेऊन मी आत्याकडे गेलो. चंद्राचे महिने, अंश, बाक्या, सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मंगळवार निघाला," मी म्हणालो.

"मंग? नाथ काय बुधवारची कपिलाषष्ठी लिहितील व्हय?" असं म्हणून तिने सकाळच्याच पानावर बोट ठेवलं. "त्या पोराला सांग, नव्याण्णववर थांबू नको म्हणावं. शंभरावी वाच. पाण्यात सूर्य दिसतो पर बुडत नाई, आसं हाय तिथं. मंग पाठव म्हणावं कुणाला पाठवायचं ते."