टर्बो पंप थांबलेला कळतो, आयन पंपचं तसं नाही

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना टर्बो आणि आयन हे दोन्ही पंप सारखेच वाटतात, कारण दोन्ही म्हणजे चेंबरच्या (ज्यातली हवा काढायची त्या बंद भांड्याच्या) फ्लँजला, म्हणजे तोंडाच्या कडीला, बोल्टने बसवलेले स्टीलचे डबे, दोघांनाही वेगळा कंट्रोलर आणि केबल, आणि सगळे दोघांनाही 'हाय व्हॅक्यूमचा' (जवळपास सगळी हवा काढून टाकणारा) पंप म्हणतात. पण टर्बोवर हात बसलेला माणूस त्याच सवयीने आयन पंपला हात घालायला गेला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

टर्बोचा धोका फिरण्यात आहे. छोट्या पंपात ब्लेडवाला रोटर मिनिटाला ६० ते ९० हजार फेरे मारतो, गॅस ढकलत मागच्या बॅकिंग पंपाकडे (तो गॅस बाहेर टाकणाऱ्या साध्या पंपाकडे) देतो, आणि मोटरला बहुतेक वेळा २४ किंवा ४८ व्होल्टच लागतात. चालू असताना तो हलवायचा नाही, एकदम हवा आत सोडायची नाही. स्विच बंद केल्यावरही व्हेंट केलं नाही, म्हणजे हळूहळू हवा आत सोडली नाही, तर रोटर थांबायला बराच वेळ जातो, आणि तोवर केबल काढायची नाही कारण फिरता रोटर स्वतःच व्होल्टेज तयार करत असतो.

आयन पंपात हलणारं काहीच नाही, आवाज नाही, चालू आहे की बंद ते कळतच नाही. आत पोकळ नळकांड्यांचा अ‍ॅनोड (पॉझिटिव्ह टोक), दोन बाजूंना टायटॅनियमच्या प्लेट, बाहेर कायमचे चुंबक, आणि ३ ते ७ हजार व्होल्ट. आयन, म्हणजे विद्युतभार आलेले गॅसचे कण, टायटॅनियमवर आदळतात, उडालेलं टायटॅनियम गॅस धरून ठेवतं, गॅस बाहेर जातच नाही, त्यामुळे एकदा चालू झाला की बॅकिंग पंप लागत नाही. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनच्या (इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या मोठ्या यंत्राच्या) रिंगमध्ये हेच पंप आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंट्रोलरवर ५ हजार व्होल्ट आणि दोन-चार मायक्रोअँपिअर दिसतात आणि लोक म्हणतात, एवढ्याशा करंटने काय होतंय? अहो, तो पंप ओढतोय तेवढा करंट आहे, आत गॅसच उरला नाही म्हणून कमी! तुमचा हात लागला तर कंट्रोलर त्याच्या लिमिटपर्यंत देणार, मोठ्या कंट्रोलरला ते १०० मिलीअँपिअरच्या वर असतं आणि माणूस मरायला त्याहून कमी पुरतं. म्हणून आधी हाय व्होल्टेज ऑफ, मग मेन्सचा प्लग काढून स्वतःच्या ताब्यात, मग थोडं थांबायचं कारण केबलमध्ये चार्ज राहतो, कनेक्टर त्यानंतर, आणि पिनला अर्थिंग स्टिक (उरलेला चार्ज जमिनीत सोडणारी दांडी) लावल्याशिवाय बोट नाही. कनेक्टरचा इंटरलॉक (कनेक्टर काढला की हाय व्होल्टेज आपोआप बंद करणारी सोय) जंपर मारून, म्हणजे तार जोडून, निकामी करून ठेवलेला दिसला तर काम तिथेच थांबवा, सिनियरने केलेला असला तरी.

सुरू करतानाही फरक आहे. टर्बो बॅकिंग पंपाबरोबर साध्या हवेच्या दाबापासून सुरू करता येतो. आयन पंपला दाब आधी १० चा उणे ५ वा घात मिलीबारच्या आसपास आणावा लागतो. जास्त दाबाला चालू केला तर तो तापतो, धरलेला गॅस परत सोडतो, आणि आतला ग्लो डिस्चार्ज (गॅसमधून वीज वाहून होणारी चमक) चेंबरमध्ये पसरून ज्या फीडथ्रूचा (चेंबरच्या भिंतीतून वायर आत नेणाऱ्या जोडाचा) आयन पंपशी काही संबंध नाही त्याच्या उघड्या पिनवरही व्होल्टेज येऊ शकतं. त्यामुळे चेंबर अर्थ केलेला हवाच, आणि न वापरलेले फीडथ्रूही अर्थ करून किंवा झाकून ठेवा.

चुंबक मात्र प्लग काढला तरी चालूच असतो, पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. आणि दुसऱ्या लॅबमधून कंट्रोलर उसना आणलात तर पोलॅरिटी बघून घ्या, आयन पंपाच्या दोन प्रकारांपैकी डायोड पंपला पॉझिटिव्ह व्होल्टेज लागतं आणि ट्रायोडला निगेटिव्ह.