पहिली घटनादुरुस्ती: त्यांची आणि आपली

शास्त्री रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी जरा रेंगाळलं की अभ्यासिकेतून बाहेर पडलेल्या एमपीएससीवाल्यांचे वाद फुकटात ऐकायला मिळतात. परवा एक जण म्हणाला, "पहिल्या घटनादुरुस्तीनं अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलं." दुसरा उसळला, "दिलं कसलं, आवळलं!" दोघंही बरोबर. फक्त एक अमेरिकेबद्दल बोलत होता, दुसरा भारताबद्दल.

खरी गंमत अमेरिकेत आहे. १७८७ साली फिलाडेल्फियात घटनेचा मसुदा झाला, त्यात हक्कांची सनद नव्हतीच. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी अगदी शेवटी ती मागितली. एकाही राज्यानं साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी सहीच केली नाही. पण घटना लागू व्हायला तेरापैकी नऊ राज्यांचा होकार हवा होता, आणि तिथे लोक विचारू लागले: एवढं बळकट केंद्र सरकार उद्या आमच्याच मानगुटीवर बसलं तर? मॅसॅच्युसेट्समध्ये गाडं अडलं. तोड निघाली ती उधारीची: होकार आत्ता द्या, दुरुस्त्यांची शिफारस सोबत जोडा. तरीही मतं पडली १८७ विरुद्ध १६८. व्हर्जिनिया ८९-७९, न्यूयॉर्क ३०-२७, त्याच वाटेनं. नॉर्थ कॅरोलायना मात्र अडून बसलं आणि दुरुस्त्या मांडल्या गेल्यावरच, नोव्हेंबर १७८९ मध्ये, आत आलं. आधी 'सनद कशाला?' म्हणणाऱ्या जेम्स मॅडिसन या घटनेच्या प्रमुख शिल्पकारानंच त्या मांडल्या होत्या. राज्यांकडे बारा गेल्या, १७९१ च्या डिसेंबरपर्यंत दहा मंजूर झाल्या. आज जिला पहिली म्हणतात, ती मूळ यादीत तिसरी होती!

आपल्याकडे उधारी नव्हतीच. हक्कांचा ठराव काँग्रेसनं कराचीत १९३१ लाच केला होता. प्रांतोप्रांती होकार मागत फिरायचं नव्हतं. मनं वळवायची ती संविधान सभेतच. म्हणून नागरिकांचे हक्क आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न पटेलांच्या एकाच सल्लागार समितीकडे होते. भाग तीन, म्हणजे मूलभूत हक्कांचा भाग, पहिल्या दिवसापासून घटनेत होता.

मग दुरुस्ती कशाला? मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी उठवली. सरकारनं जून १९५१ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतात हे सांगणारं कलम १९(२) रुंद केलं आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणं घातली. टपरीवरच्या दुसऱ्या पठ्ठ्यानं एवढंच पाठ केलेलं दिसलं. निर्बंध 'वाजवी' असावेत, हा शब्दही १९(२) मध्ये त्याच दुरुस्तीनं आला. न्यायालयं आजही निर्बंध त्यावरच घासून बघतात.