लष्करी सरप्लस बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल

सैन्याने सेवेतून काढून नागरी बाजारात विकलेली, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (नळीचे मागचे टोक बंद करणारा धातूचा दांडा) हाताने मागे ओढून पुढे ढकलावा लागणारी रायफल. रशियाची मोसिन-नागां (१८९१), जर्मनीची माउझर ९८ व तिचा आखूड अवतार ९८के (१९३५), ब्रिटनची ली-एन्फील्ड ही यातली ठळक घराणी. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्ये स्वयंभरण रायफलींकडे वळली आणि ही हत्यारे गंजू नयेत म्हणून ग्रीसच्या दाट थरात बुडवून कोठारात गेली.

त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका. तिथे १९६८च्या कायद्याने लष्करी सरप्लसची आयात बंद झाली. जुन्या, संग्राह्य हत्यारांपुरती ती १९८४मध्ये पुन्हा खुली झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर मोसिन ९१/३० (१८९१च्या रायफलीची १९३०ची सुधारित आवृत्ती) इतक्या आल्या की बरीच वर्षे ती शंभर डॉलरच्या आत मिळे. साठा आटला तशी किंमत कैक पटींनी चढली.

विकत घेताना संग्राहक आधी नंबर बघतो. बोल्ट, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा), मॅगझीनची तळपट्टी यांवरचे क्रमांक एकच असतील तर किंमत वाढते. पण सोव्हिएत कारखान्यांत युद्धानंतर हजारो रायफली सुट्या करून पुन्हा जोडल्या गेल्या, तेव्हा जुना क्रमांक खोडून नवा ठोकलेला सर्रास दिसतो. जिला रायफल चालवायची आहे, तिने आधी नळीत डोकवावे. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा, धारदार हवेत. थोडा काळसरपणा चालतो, खोल खड्डे नाहीत. त्याहून महत्त्वाचे नळीचे तोंड. सैनिक सफाईचा गज बहुधा तोंडाकडूनच घालत, त्यामुळे तिथले आटे झिजून भोक अंडाकृती होते आणि गोळ्या विखुरतात. काही वेळा झिजलेला तुकडा आतून कोरून काढलेला असतो. ही दुरुस्ती दिसायला ओबडधोबड वाटते, पण नेम बहुधा सुधारतो.

दुसरी तपासणी हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस जिथे अडते ती जागा यांतल्या अंतराची. ते वाढलेले असेल तर काडतुसाची पितळी पुंगळी फाटून तप्त वायू मागे येऊ शकतो. त्यासाठी गेज मिळतात: 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो'वर होता कामा नये. ली-एन्फील्ड क्र. ४मध्ये ० ते ३ अशा चार मापांची बोल्टची डोकी असत. डोके बदलले की अंतर जुळे. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३चा मामला वेगळा. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या ८,००,०००च्या खालच्या क्रमांकांच्या रायफलींचे रिसीव्हर सदोष उष्णसंस्कारामुळे ठिसूळ निघाल्याची नोंद आहे. त्या भिंतीवरच बऱ्या.

काडतुसाची खात्री नळीवरच्या ठशावरून करावी, ओळखीच्या रूपावरून नव्हे. मूळ ९८के ७.९२ मिमीची, पण इस्रायलने त्यांतल्या अनेक नाटोच्या ७.६२ मिमी काडतुसासाठी बदलल्या. भारतातल्या इशापूर कारखान्याची २ए१ लांबून .३०३ काडतुसाची ली-एन्फील्डच भासते, काडतूस मात्र ७.६२ नाटो.

घरी आणल्यावर पहिले काम ग्रीस काढण्याचे. धातूवरचा थर रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटने निघतो, लाकडात मुरलेला सहज निघत नाही: उन्हात ठेवलेल्या दस्त्याला तपकिरी घाम सुटतो, तो पुसत राहायचा. चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) कोपऱ्यातली ग्रीस राहिली तर फजिती ठरलेली. पाच-दहा गोळ्यांनी नळी तापते, ग्रीस चिकट होते, रिकामी पुंगळी आत धरून बसते आणि नेमबाज बोल्टच्या मुठीवर तळहात आपटत राहतो. मोसिनची 'अडकू' ख्याती निम्मी तरी यामुळेच असावी.

नेमही चकवतो. मोसिन ९१/३०चा नेम संगीन लावून जुळवलेला असे. संगीन काढली की गोळ्यांची जागा सरकते. अशा रायफलींच्या नेम धरायच्या पट्ट्या लांब पल्ल्यासाठी आखलेल्या असल्याने शंभर मीटरवर गोळी अनेकदा वर लागते. दस्त्याच्या मागच्या टोकावरल्या धातूच्या पट्टीचा, बटप्लेटचा, धक्का खांद्याला जाणवतो. दस्ता घट्ट टेकवलेला नसेल तर जास्तच.

जुन्या सरप्लस काडतुसांच्या प्रायमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीमध्ये) बहुधा पोटॅशियम क्लोरेट असते. जळल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. मिठाच्या जातीचे हे क्षार नळीत हवेतला ओलावा ओढतात आणि दमट हवेत रातोरात गंज धरतो. तेलाने क्षार विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात. अमोनियाचे द्रावण उपयोगी पडते तेही त्यातल्या पाण्यामुळे. म्हणून त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओतायचे, बोल्टचे तोंडही धुवायचे, कोरड्या चिंध्या फिरवून मग तेल लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी घालून पाहायची. तांबूस निघाली तर सगळे पहिल्यापासून.