दोनदा तळलेलं केळं

आपल्याकडे कच्च्या केळ्याचे काप करतात तेव्हा पातळ चकत्या, त्यावर तिखट-मीठ-हळद, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस, एवढ्यात काम संपतं. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको किंवा डोमिनिकन रिपब्लिकमधल्या घरात तेच केळं दोनदा तळतात, आणि दोन तळण्यांच्या मध्ये ते ठेचतात. इंचभर जाडीचे तुकडे मध्यम आचेवर सुरी सहज आत जाईल इतपत तळायचे. रंग पिवळाच राहिला पाहिजे. मग बाहेर काढून एकेक तुकडा उभा ठेवायचा आणि दाबायचा. त्यासाठी तिथे बिजागरीच्या दोन लाकडी फळ्या मिळतात, नाव टोस्टोनेरा; आपल्या घरात वाटीचं बूड पुरतं. दाबल्यावर कडा फाटतात, आणि फाटायलाच हव्यात, कारण नंतर कुरकुरीत होतात त्या याच कडा. काही घरांत हे चपटे तुकडे लसूण घातलेल्या मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवतात, नीट निथळतात आणि कडकडीत तेलात पुन्हा सोडतात. निथळायचा कंटाळा केला तर काय होतं ते माझ्या हातावरच्या दोन डागांना विचारा.

पहिल्या तळणात केळ्यातला स्टार्च शिजतो, दुसऱ्यात पृष्ठभागावरचं पाणी उडून कवच तयार होतं. पोर्तो रिकोत याला टोस्टोनेस म्हणतात, पनामा-कोलंबियात पाताकोनेस, हैतीत बानान पेझे. टोस्टोन आणि पाताकोन हे दोन्ही शब्द स्पॅनिशमध्ये चांदीच्या जुन्या नाण्यांसाठीही वापरले जात. ताटातल्या त्या पिवळ्याधमक चकत्या पाहिल्या की हे नाव जुळतंसं वाटतं.

ताटात बाकी सगळं कॅरिबियन असलं, तरी केळं तिथलं नव्हे, आणि तळायची चरबीही तिथली नव्हे. बेटांवरच्या मूळच्या ताइनो लोकांचं रोजचं अन्न होतं कसाव्याची, म्हणजे आपण ज्याचा साबुदाणा करतो त्या कंदाची भाकरी. डुकरं आली ती कोलंबसच्या 1493 च्या दुसऱ्या सफरीत. ती रानात सुटली, बेसुमार वाढली, आणि स्पॅनिश बेटांवर पुढे बराच काळ तळण म्हणजे डुकराची चरबी हे समीकरण झालं.

केळीच्या आगमनाची नोंद गोन्सालो फर्नांडेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने केली आहे. त्याच्या म्हणण्यानुसार 1516 मध्ये तोमास दे बर्लांगा नावाच्या डोमिनिकन पंथाच्या धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून केळीची रोपं हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डोमिनिकन रिपब्लिकच्या भूमीवर आणली. हाच बर्लांगा पुढे पनामाचा बिशप झाला आणि 1535 मध्ये वारा पडल्याने भरकटत गालापागोस बेटांना जाऊन लागला. केळीचं मूळ गाव त्याहून खूप दूर, आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या पट्ट्यात. तिथून ती आफ्रिकेत पोचली होती ती बर्लांगाच्या कित्येक शतकं आधी.

इतिहासात नाव राहिलं ते रोप आणणाऱ्याचं. मला ते अपुरं वाटतं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत भाजीचं केळं तोवर रोजच्या जेवणातलं झालेलं होतं. तळलेलं पिकं केळं आजही घानात केलेवेले, आयव्हरी कोस्टमध्ये अलोको आणि नायजेरियात डोडो या नावांनी रस्त्यावर विकतात. गुलाम म्हणून जहाजात कोंबून आणलेल्यांना हे झाड ओळखीचं होतं. त्याचं काय करायचं हे कोणा धर्मगुरूने त्यांना शिकवलेलं नाही. पोर्तो रिकोतला मोफोंगो घ्या: तळलेलं केळं लसूण आणि डुकराच्या कुरकुरीत सालीसोबत लाकडी खलात कुटायचं. त्या कुटण्यामागे पश्चिम आफ्रिकेतला फुफू, म्हणजे उकडलेले कंद किंवा केळी कुटून केलेला गोळा आहे.

बर्लांगाची रोपं रुजत होती त्याच सुमारास हिस्पॅनिओलावर उसाचे घाणे उभे राहत होते. पुढची तीन शतकं कॅरिबियनची सुपीक सपाट जमीन उसाने खाल्ली. जमैकासारख्या ब्रिटिश बेटांवर मळेवाले गुलामांना डोंगराकडेचे तुकडे देत: रविवारी कसा आणि आपलं पोट भरा. अशा जमिनीला केळ सोयीची. वर्षभरात घड देते, बुंध्याशी मुनवे फुटतात, पुन्हा लावणी नको, दळण नको. निखाऱ्यात भाजलं की जेवण.

पण केळीची मुळं उथळ. 1780 च्या दशकात जमैकावर एकामागून एक चक्रीवादळं आली, बागा आडव्या झाल्या, त्यात अमेरिकेतल्या युद्धामुळे बाहेरून येणारं धान्यही तुटलं. जमैकाच्या विधानसभेच्याच अहवालात 1780 ते 1787 या काळात उपासमार आणि त्यातून आलेल्या रोगांनी सुमारे 15,000 गुलाम मेल्याचा आकडा आहे. वादळात न पडणारं स्वस्त अन्न हवं म्हणून ब्रिटिशांनी ताहितीहून नीरफणस आणवला. कॅप्टन ब्लायची पहिली खेप 1789 च्या ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडात समुद्रात गेली, दुसरी 1793 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचली. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांनी तो बराच काळ डुकरांना घातला. त्यांना केळंच हवं होतं. नीरफणसाचे काप आवडीने खाणाऱ्या कोकणी माणसाला हे ऐकून वाईट वाटेल.

वादळाचा धोका आजही टळलेला नाही. सप्टेंबर 2017 मध्ये ‘मारिया’ने पोर्तो रिकोतल्या केळीच्या बागा भुईसपाट केल्या, आणि घरोघरीचा हा पदार्थ काही महिने आयात केळ्यांवर चालला. त्याच बेटावर अस्सल गावच्या माणसाला ‘केळीचा डाग असलेला’ म्हणतात. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे आपल्याकडेही कुणाला सांगावं लागत नाही.

घरी करायचं तर जळगावची पिकवून खायची केळी कच्ची आणून चालवता येतात, पण ती दाबताना भुगा होतात असा माझा अनुभव. वसईची राजेळी मिळाली तर सोडू नका. जिची सुकेळी करतात ती हीच, केरळची नेंद्रन तिची सख्खी बहीण, आणि दोघीही कॅरिबियन केळ्याच्याच कुळातल्या. साल हिरवी असतानाच घ्या, हाताला तेल लावा, सालीला उभी चीर देऊन ती अंगठ्याने सोडवा, तुकडे मिठाच्या पाण्यात टाका म्हणजे काळे पडणार नाहीत. उरलेली केळी साल काळी पडेपर्यंत ठेवली तर तोवर स्टार्चची साखर झालेली असते. ती ठेचायची नाहीत. तिरक्या चकत्या करून मंद आचेवर एकदाच तळायची. त्यांना मादुरोस म्हणतात, आणि जमैकात ती सकाळच्या न्याहारीला घेतात.