नागपूरचा कूलर जूनमध्ये का हरतो?

मे महिन्यात हवामानबदलाचा विषय काढला की नागपुरात हमखास ऐकू येतं, "आपल्याकडे तर पहिल्यापासूनच तापते!" खरंच आहे. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. पण हवामानशास्त्रज्ञांना पाऱ्याइतकीच दुसऱ्या एका आकड्याची धास्ती वाटते: वेट बल्ब तापमान. तापमापीच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरली की दिसतो तो आकडा.

तो समजायला आपला कूलर पुरे. खसच्या ताट्यांवरून पाणी ओघळतं, बाहेरची हवा त्यांतून आत येते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच जाते. कूलर कितीही मोठा आणा, हवा वेट बल्बच्या खाली जात नाही. तापमान 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर हा आकडा 24 च्या आसपास असतो. जूनमध्ये सर येऊन गेली, पारा 36 वर उतरला, आर्द्रता 65 टक्के झाली की तोच आकडा 30! पारा 9 अंश उतरला आणि तरीही घरात उमस.

आपला घामही असाच वाळतो. 1 ग्रॅम घाम वाळताना शरीरातून सुमारे 2,400 ज्यूल उष्णता नेतो. त्वचा साधारण 35 अंशांवर असते. वेट बल्ब तिथे पोचला तर सावलीत बसून पाणी पिणाऱ्या धडधाकट माणसाच्याही काही तासांत जिवावर बेततं. प्रयोगांमध्ये तर निरोगी तरुणांचं शरीर दमट हवेत 31 च्या आसपासच तापत गेलेलं दिसलं. आणि हवा 1 अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. तज्ज्ञांची काळजी आहे ती इथे.

नवतप्याचं, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की मेअखेर येणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांचं, खापर त्या नक्षत्रावर फोडू नये. 26 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य नागपूरच्या थेट डोक्यावर असतो आणि आकाश निरभ्र असतं, म्हणून तापतं. सूर्याच्या रोहिणीप्रवेशाची तारीख तर दर 72 वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकते. ऊन तिच्या मागे जात नाही.

यंदा घरात दोन तापमापी लावा, एक कोरडी, एक ओल्या फडक्याची. ओलीचा आकडा 30 च्या वर गेला की त्या दिवशी स्लॅबचं काम पहाटे उरकायला सांगा, पारा 38 च असला तरी.