परवूर ते मारकडवाडी: मतदान यंत्रावरच्या संशयाची पार्श्वभूमी

मतदान यंत्रावरचा संशय यंत्राइतकाच जुना आहे. केरळमधल्या परवूर विधानसभा मतदारसंघात मे 1982 मध्ये ही यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली, तीही 84 पैकी 50 केंद्रांवर. भाकपचे उमेदवार सिवन पिल्लै मतदानाआधीच यंत्रांविरुद्ध न्यायालयात गेले होते. तिथे दाद लागली नाही आणि निवडून मात्र तेच आले, 123 मतांनी! मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या 50 केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान घ्यायला लावले आणि जोस जिंकले. ‘हरणाऱ्यालाच यंत्र खुपते’ या टोमण्याला इथपासूनच आधार मिळतो. पण न्यायालयाने यंत्रात खोट काढली नव्हती. कायद्यात यंत्राला जागाच नाही, एवढाच मुद्दा होता. ती जागा डिसेंबर 1988 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 61-अ घालून झाली. प्रत्यक्ष वापर पुन्हा सुरू व्हायला 1998 उजाडले आणि 2004 ची लोकसभा निवडणूक संपूर्णपणे यंत्रांवर झाली.

यंत्र आणण्यामागचे कारण आज विसरले जाते. केंद्र ताब्यात घेऊन गठ्ठ्याने शिक्के मारणे, बाद मतांवरून मोजणीत होणारी भांडणे, हे सगळे तेव्हा नित्याचे होते. यंत्र मिनिटाला चार-पाचपेक्षा जास्त मते घेत नाही आणि केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ बटण दाबले की मतदान तिथेच संपते. गुंडगिरीवरचा तो उपाय होता, तो चालला.

पुढचा प्रश्न वेगळ्याच बाजूने आला. 2006 मध्ये नेदरलँड्समधल्या कार्यकर्त्यांनी तिथल्या मतदान यंत्राला चक्क बुद्धिबळ खेळायला लावले, म्हणजे आतला प्रोग्रॅम बदलता येतो हे दाखवले. दोन वर्षांत तो देश कागदावर परतला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा मार्च 2009 चा निकाल मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. फेरफार झाल्याचा पुरावा नव्हता, निवडणूकही रद्द झाली नाही. तरीही तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकाला मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत, या कसोटीवर 2005 च्या निवडणुकीतला यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरला.

भारतात त्याच सुमारास शंका घेणारा पक्ष भाजप होता, कारण 2009 ची लोकसभा तो हरला होता. 2010 मध्ये संशोधकांनी एक भारतीय यंत्र हाती असेल तर त्यात ढवळाढवळ करता येते हे दाखवले. ते यंत्र आले कुठून, या प्रकरणात त्यांच्यातल्या हरी प्रसाद यांना अटक झाली. निवडणूक आयोगाचे उत्तर तेव्हाही हेच होते की यंत्र कुठल्याही जाळ्याला जोडलेले नसते आणि आमच्या बंदोबस्तात ते कोणाच्या हाती लागत नाही. उत्तर सुरक्षिततेचे होते; प्रश्न मात्र हळूहळू पडताळणीचा होत चालला होता.

त्यातून व्हीव्हीपॅट आले, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापून मतदाराला दाखवणारे जोडयंत्र. सप्टेंबर 2013 मध्ये नागालँडमधल्या नोक्सेन पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा वापरले गेले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने सगळीकडे लावायला सांगितले. काचेमागे सात सेकंद दिसणारी ती चिठ्ठी म्हणजे खरे तर कागदाचे पुनरागमनच. गंमत अशी की या औषधाने नवी शंका जन्माला घातली. जुन्या यंत्राला उमेदवार माहीत नसे, फक्त बटणाचा क्रमांक माहीत असे. चिठ्ठी छापायची तर नाव आणि चिन्ह आत भरावे लागते, आणि ते मतदानाच्या काही दिवस आधी सिंबॉल लोडिंग युनिटमधून भरले जाते. टीकाकारांचे बोट आता तिथे आहे.

किती चिठ्ठ्या मोजायच्या, हा वाद त्यानंतरचा. 2019 मध्ये विरोधी पक्षांनी निम्म्या मागितल्या. न्यायालयाने प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या एका केंद्राऐवजी पाच केंद्रे केली. 26 एप्रिल 2024 रोजी शंभर टक्के पडताळणीची मागणी फेटाळताना न्यायालयाने लोडिंग युनिट 45 दिवस सीलबंद ठेवायला लावली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना पाच टक्के यंत्रे स्वखर्चाने तपासून घेण्याची मुभा दिली. मतदाराला तशी मुभा नाही.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीनंतर, डिसेंबरमध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी आपल्यापुरते मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. जमावबंदी लागू झाली, पोलीस आले, मतदान झाले नाही. हे गावकरी ज्याच्या बाजूचे होते तो उमेदवार माळशिरसमधून निवडून आलेला होता. त्यांना पटत नव्हता तो स्वतःच्या गावातला आकडा.